सकाळचा ‘सामना’, संध्याकाळचे ‘महानगर’

23 जानेवारी 1988 रोजी मुंबईत ‘सामना’ हे दैनिक सुरू झाले. संस्थापक संपादक होते बाळासाहेब ठाकरे, आणि तो त्यांचा वाढदिवसही होता.

ठाकरे यांच्या शिवसेनेला छापील शब्दाची ताकद आधीपासून ठाऊक होती. 1960 च्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कचेऱ्यांतल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांची नावे छापली, मराठी तरुण पेटून उठला आणि 1966 मध्ये संघटना उभी राहिली. 1985 मध्ये मुंबई महापालिका तिच्या हाती आली.

विरोधाचा सूरही याच शहरातून उमटला. निखिल वागळे यांच्या ‘महानगर’ या सायंदैनिकाने 1990 पासून सेनेवर सडेतोड टीका केली. कचेरीवर हल्ले झाले.

तरी अंक निघतच राहिला.