दर्जा आणि प्रेक्षक : मराठी चित्रपटाची साक्ष

(महादेवपुरा, बंगळुरू येथे मराठीभाषक कामगार व कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर्जेदार चित्रपट सामान्य माणसाला रुचत नाही आणि गर्दी खेचणारा चित्रपट दर्जेदार नसतो, हा समज आपण वारंवार ऐकतो. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांना तो सोयीचा आहे. सुमार माल खपवल्याचा दोष त्यामुळे आयताच प्रेक्षकाच्या माथी मारता येतो. मराठी चित्रपटाची साक्ष मात्र निराळी आहे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) डुकरे पकडावी लागणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाची कहाणी सांगतो. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकावर येतो. २९ एप्रिल २०१६ रोजी त्यांचाच 'सैराट' प्रदर्शित झाला. विषय पुन्हा जातीचाच : पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातील मुलगा. प्रमुख कलावंत नवखे, बोली करमाळ्याकडची. तरीही उत्पन्नात त्याने तोवरचे सारे मराठी चित्रपट मागे टाकले. अजय-अतुल यांच्या संगीताने लोकांना चित्रपटगृहात ओढून आणले. अखेरच्या नि:शब्द दृश्याने त्यांना अस्वस्थ करून घरी धाडले. लोकांना रिझवूनही कटू सत्य सांगता येते, याचा हा पुरावा होय.

आपल्या या शहरातील चित्रसृष्टीनेही ती कथा स्वीकारली. २०१७ मध्ये एस. नारायण यांनी ती 'मनसु मल्लिगे' या नावाने कन्नडमध्ये आणली. नायिका रिंकू राजगुरूच होती. भाषांतराचे काम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते : मागचा अनुभव समाईक असेल तर शब्द सीमा ओलांडतो. सोलापूरचा तरुण आणि कलबुर्गीचा गवंडी यांच्या भाषा वेगळ्या. गावाची वेस आणि वस्ती यांमधील अंतर दोघांनीही पाहिलेले असते. २०१८ च्या हिंदी 'धडक'मध्ये जातीचा हा धागा फिका पडला आणि कथेचे बळही ओसरले.

आता दुसरी बाजू. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गटारसफाई कामगाराच्या मृत्यूवरून एका शाहिरावर चाललेला खटला, हा त्याचा विषय. वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला. 'सैराट'ची गर्दी मात्र 'कोर्ट'ला लाभली नाही. त्याची संथ गती सर्वांना मानवणारी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु एवढ्यावरून प्रेक्षकाला नापास करणे अन्यायाचे आहे. बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळेचे खेळ द्यावेत, यासाठी २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाला हस्तक्षेप करावा लागला होता. माणूस पाळीवर असताना लागणारा आणि तिकिटापायी दिवसाची मजुरी मागणारा खेळ त्याने नाकारला, असे कसे म्हणता येईल?

महादेवपुऱ्यातील मॉल ज्यांनी विटा-सिमेंट वाहून उभारले, त्यांतील किती जण तेथे चित्रपट पाहू शकतात? तेव्हा काम आपल्यापुढेच आहे. रीतसर परवानगी घेऊन, सुटीच्या दिवशी, परवडणाऱ्या वर्गणीत असे चित्रपट दाखवावेत. नंतर चर्चा घडवावी आणि प्रथम बोलण्याची संधी प्रेक्षकाला द्यावी. त्याची अभिरुची काय, हे त्याच्या तोंडूनच ऐकू या.