दिव्याची पातळी आणि समोरच्याचे डोळे
(चोपडे येथे वाहनमालक व चालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी शापोरा नदी ओलांडावयाची म्हणजे फेरीबोटीची वाट पाहणे आले. रात्रीच्या वाहतुकीस त्यामुळे आपोआपच आळा बसत असे. पूल झाला आणि ही मर्यादा संपली. पुढे ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा विमानतळाचे उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून तेथील विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून पेडणे तालुक्यातील रस्त्यांवर अपरात्रीही वाहनांची ये-जा असते. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु मोरजी, आगरवाडा, पार्से या बाजूंना जाणारे आपले अंतर्गत रस्ते पूर्वीप्रमाणेच अरुंद आहेत. त्याच रस्त्यांवरून पुनवेची गर्दी परतते, दशावतारी नाटक पाहून मंडळी पहाटे पायी घरी जातात आणि कामावरून सुटलेल्या भगिनी स्कूटरवरून येतात. या सर्वांच्या डोळ्यांविषयी आज मला बोलावयाचे आहे.

अलीकडे अनेक जण आपल्या जुन्या गाडीला ‘ॲडॅप्टिव्ह’ म्हणजे परिस्थिती पाहून झोत बदलणारे हेडलाईट मागाहून बसवून घेतात. ही कल्पना तशी नवी नाही. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने १९६७ साली आपल्या ‘डीएस’ गाडीत स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे दिले होते. आजच्या यंत्रणेत मुख्यतः तीन कामे होतात. गाडीच्या मागे भार वाढला की पुढचे तोंड उचलले जाते. आसाजवळचा संवेदक ते ओळखून झोत खाली आणतो. वळणावर झोत वळणाच्या दिशेने सरकतो. आणि काचेमागील कॅमेऱ्याला समोरून येणारे वाहन दिसले की झोताचा तेवढाच भाग झाकला जातो.

यंत्रणा हुशार आहे यात शंका नाही. मात्र तिची सारी हुशारी एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे शून्याची खूण. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना झोत नेमका कोठे पडावा, हे तिला एकदा अचूक दाखवून द्यावे लागते. ती खूणच चुकली, तर यंत्रणा प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक भाराखाली तीच चूक मोठ्या निष्ठेने करीत राहते.

ही चूक किती महाग पडते, ते हिशेबानेच पाहू. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंचीवर असून डिपरचा झोत दर मीटरला एक सेंटिमीटर याप्रमाणे खाली उतरत असेल, तर झोताची वरची कड सत्तर मीटरवर जमिनीला टेकते. हाच दिवा एका अंशाने वर उचलला गेला, तर दहा मीटरवरील भिंतीवर फरक पडतो साडेसतरा सेंटिमीटरचा. म्हणजे वीतभरही नाही. परंतु पाऊणशे मीटरवर तो फरक सुमारे एक मीटर एकतीस सेंटिमीटर होतो, आणि झोताची कड जमिनीपासून सव्वा मीटरवर, म्हणजे समोरच्या लहान मोटारीतील चालकाच्या डोळ्यांच्या पातळीला जाते. दिपलेला डोळा पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत काही सेकंद तरी जातात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात अकरा मीटर धावते. चालकाला रस्त्याची कड दिसत नसताना गाडी एवढी पुढे जात असते, आणि त्या कडेनेच कोणी तरी चालत असते.

आता घरच्या घरी काय करता येईल ते सांगतो. मी अभियंता नव्हे. पण ही तपासणी इतकी साधी आहे की कोणीही करावी.

प्रथम सपाट जागा व समोर उभी भिंत पाहावी. अंगण डोळ्यांना सपाट दिसते म्हणून विश्वासू नये; गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन पुढच्या व मागच्या चाकांखालची आणि भिंतीपर्यंतची पातळी ताडून घ्यावी. चारही चाकांत योग्य हवा असावी, डिकी रिकामी असावी, चालकाच्या जागी एक माणूस बसलेला असावा. दिव्यांची काच पुसून घ्यावी. झोत वर-खाली करण्याचे बटण असल्यास ते शून्यावर ठेवावे. गाडी दोन-चार वेळा दाबून हलवावी, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात.

नंतर गाडीचे दिवे भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर येतील अशी ती उभी करावी. दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंची उंची मोजून त्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी, आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. प्रत्येक दिव्याच्या समोर एक उभी रेघ काढावी. दिव्याजवळ किंवा वाहनपुस्तिकेत झोताच्या उताराचा वेगळा आकडा छापलेला असेल, तर तोच प्रमाण मानावा. संध्याकाळी आपोआप बदलणारी यंत्रणा बंद करून केवळ डिपर लावावा, आणि एका वेळी एकच दिवा पाहावा. दुसऱ्यापुढे पुठ्ठा धरला की पुरे.

उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर यावयास हवी. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून उजवीकडची कड आडवी राहते आणि उभ्या रेघेजवळून डावीकडे वर चढते. डाव्या कडेचा पादचारी दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत, हा त्यामागील हेतू. कड उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशासाठी घडविलेला आहे, असे समजावे. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, तरी शेजारच्या मुलखाला धरून गोव्यात डावी बाजूच कायम राहिली. असा परदेशी दिवा कितीही महागाचा असला, तरी आपल्या रस्त्यावर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. स्क्रू कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही. तसेच साध्या बल्बसाठी केलेल्या दिव्यात वेगळा बल्ब घातल्याने भिंतीवर स्वच्छ कड न उमटता नुसता उजेड पसरत असेल, तर तेथेही जुळणी व्यर्थ आहे. तो बल्ब काढावा.

कड ठीक बसली की डिकीत तांदळाची दोन पोती ठेवून यंत्रणा पुन्हा चालू करावी. झोत क्षणभर वर जाऊन परत रेघेवर आला, तर संवेदक काम करीत आहे. तो वरच राहिला, तर गॅरेज गाठावे. संवेदकाचे शून्य आणि कॅमेऱ्याचा कोन ही कामे उपकरणाशिवाय होत नाहीत. ती अंगणात करू नयेत. त्याचबरोबर लक्षात ठेवावे की बहुतेक कॅमेरे समोरचे वाहन त्याच्या दिव्यांवरून ओळखतात. दिवा न घेता चालणारा माणूस, सायकल किंवा वळणाआडचे वाहन त्यांना वेळेवर कळेलच असे नाही. तेथे डिपर देण्याचे काम चालकाच्या हाताचेच आहे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत वाटेल तसा बदल करता येत नाही. परवानगी नसलेल्या अशा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ तर मोजमापच देतो: दिव्यापुढे आठ मीटरवर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना झोताने दिपवता कामा नये. तेव्हा दिवे विकत घेण्यापूर्वीच वाहतूक खात्याकडे चौकशी करावी. आधी बसवून मग परवानगीचा विचार करणे हिताचे नाही.

दीड मीटर ही उंची नियमकर्त्यांनी निरर्थक निवडलेली नाही. रस्त्याने चालणाऱ्या माणसाचे डोळे साधारण त्याच पातळीला असतात. तेव्हा दोन रेघा, एक खडू आणि संध्याकाळची अर्धी घटका एवढा खर्च प्रत्येक वाहनमालकाने पावसाळ्यापूर्वी एकदा आणि जत्रांचे दिवस सुरू होण्यापूर्वी एकदा अवश्य करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.