उपास कुठल्या दिवशी?

प्राचीन यहुदी धर्मात पंथ कसे निघाले, याबद्दल आज बोलायचं आहे. परूशी, सदूकी, इसेनी ही नावं तुमच्या कानांवरून गेलेली असणारच, म्हणून ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. माझी तक्रार आहे ती पुस्तकांबद्दल. कुठलंही उघडा, तीन रकाने आखलेले असतात. पुनरुत्थान कोण मानतं, दैव कोण मानतं, देवदूत कोण मानतं. जणू तत्त्वज्ञानाच्या वर्गात वाद झाला आणि तिघं तीन दारांनी बाहेर पडले! ही खोड जोसेफस या यहुदी इतिहासकाराची. तो पहिल्या शतकात ग्रीक-रोमी वाचकांसाठी लिहीत होता. त्यांना उमगावं म्हणून त्याने परूश्यांना स्टोइक तत्त्वज्ञांच्या पंगतीला नेऊन बसवलं. त्याची अडचण होती, समजू शकतो. आपल्याला कसली अडचण आहे? मतं मागाहून विचारा हो. आधी विचारा, यांचा उपास कुठल्या दिवशी?

आपल्याकडे टिळक पंचांग मानणारी घरं आहेत, दाते पंचांग मानणारी आहेत. अधिक महिना वेगळा पडला की एकाची दिवाळी दुसऱ्याच्या आधी महिनाभर उरकते. भांडण होत नाही; उलट फराळ दोनदा मिळतो. कारण कंदील आपापल्या दारात लागतो. आता कल्पना करा, साऱ्या समाजाला मिळून दिवा एकच, तो एकाच ठिकाणी लावायचा, आणि चुकीच्या दिवशी लावला तर तो लागलाच नाही असं धरायचं. मग दुसऱ्या पंचांगाच्या माणसाने काय करावं? एक तर गप्प बसावं, नाही तर घर सोडावं. यरुशलेमात नेमकं हेच होतं. मंदिर एक, वेदी एक, आणि तिथली सूत्रं महायाजकाच्या हाती.

आता ती गादीच वादात सापडली. इ.स.पू. 175 मध्ये यासोनाने सिरियाच्या चौथ्या अँटिओकस राजाला पैसे चारून महायाजकपद घेतलं. तीन वर्षांत मेनेलाउसने जास्त बोली लावून ते त्याच्याकडून उपटलं. 167 मध्ये अँटिओकसच्या छळात मंदिर भ्रष्ट झालं, 164 मध्ये बंड करून उठलेल्या मक्काबी घराण्याने ते शुद्ध केलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण 152 मध्ये, मांडवांच्या सणाला, योनाथान मक्काबीने महायाजकाचा झगा अंगावर चढवला. झगा दिला कोणी? सिरियाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या अलेक्झांडर बालासने. योनाथान याजक घराण्यातला होता, पण महायाजकांच्या सादोक वंशातला नव्हता. कालक्रमाने पाहिलं तर जोसेफस या तीन पंथांचा उल्लेख सर्वांत आधी करतो तो याच योनाथानाच्या हकिगतीत. हे कृपा करून लक्षात ठेवा.

मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्या 1947 पासून सापडू लागल्या. तिथल्या मंडळींना बहुतेक अभ्यासक इसेनी समजतात. त्यांचं वर्ष 364 दिवसांचं, बरोबर 52 आठवडे. वर्षाची सुरुवात बुधवारी, कारण सूर्य निर्माण झाला चौथ्या दिवशी. त्यामुळे प्रायश्चित्ताचा, म्हणजे उपासाचा, दिवस दरवर्षी शुक्रवारीच. चंद्रावर चालणाऱ्यांचा तो सरकत राहणार. हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथावरच्या त्यांच्या टीकेत लिहिलं आहे की दुष्ट याजक, म्हणजे बहुधा महायाजकच, या मंडळींच्या गुरूवर मंडळींच्या उपासाच्या दिवशी चालून आला. महायाजकाचाही त्या दिवशी उपास असता तर तो मंदिर सोडून निघाला असता का? म्हणून पुन्हा सांगतो, आधी दिवस विचारा.

कुमरानच्या चौथ्या गुहेत एका पत्राच्या सहा प्रती मिळाल्या. आपण लोकांपासून वेगळे का झालो, ते त्यात सांगितलं आहे. कारणं कसली? शुद्ध भांड्यातून अशुद्ध भांड्यात पाणी ओतताना विटाळ धारेवरून उलटा वर चढतो का? पत्र म्हणतं, चढतो. मिश्ना या यहुदी नियमग्रंथात याच धारेवरून सदूकी आणि परूशी भांडताना दिसतात. आत्म्याच्या अमरत्वाने घर फुटलं नाही, धारेने फुटलं! आणि याला क्षुल्लक म्हणू नका. सोवळंओवळं ज्यांनी पाहिलं आहे, ते म्हणणार नाहीत.

पुढे मांडवांच्याच सणाला लोकांनी मक्काबी घराण्यातल्या अलेक्झांडर यान्नाय राजाला महाळुंगं फेकून मारली. राजाच महायाजक होता. त्याने वेदीवर ओतायचं पाणी... पण ते राहू द्या, समोर स्टुडिओची काच आहे आणि काचेपलीकडून वेळ संपल्याची बोटं दाखवताहेत.

एवढं मात्र सांगतो. आपल्या अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आलेल्या बेने इस्राएल यहुद्यांची एक परंपरा म्हणते की पूर्वज त्याच अँटिओकसच्या छळातून निसटले होते. ते तेलाचा घाणा चालवत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तो बंद ठेवत. कोकणाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. कोकणाला दिवस बरोबर दिसला.

जोसेफस वाचायचा तर जरूर वाचा. पण त्याआधी चौथ्या गुहेतलं ते पत्र वाचा. उरलं आहे ते थोडंच, एका बैठकीत होईल.