रिकामा गोठा भाड्याने देताना



महाड-पोलादपूरच्या गावांत फिरताना एक गोष्ट सारखी नजरेत भरते. घराशेजारी दगडी जोत्याचा कौलारू गोठा उभा, पण आत जनावर नाही. नांगरणी पॉवर टिलरवर गेली, पोरं मुंबईला गेली, गोठ्यात उरली मोडकी इरली आणि जुन्या कौलांची चवड. अशी जागा दर पावसाळ्यात थोडी थोडी खचत जाते. ती भाड्याने देता येईल का, ते आज पाहू.

गिऱ्हाईक लांब शोधायला नको. 22 जुलै 2021 रोजी सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, दुकानांतला माल भिजून गेला. व्यापाऱ्याला पावसाळ्याचे चार महिने माल ठेवायला उंचावरची कोरडी जागा लागते. ती बाजारात मिळत नाही, तुमच्याकडे असू शकते. सुतार, मोटारसायकल दुरुस्तीवाला, पापड-लोणची करणारा महिलांचा बचत गट यांनाही जागा हवीच असते. रायगडच्या वाटेवर किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला गोठा असेल तर चहा-नाश्त्याचं दुकानही चालेल. मात्र औद्योगिक वसाहत जवळ आहे म्हणून कुणी रसायनाची पिंपं, अगदी रिकामी पिंपंसुद्धा, ठेवायला मागितलं तर सरळ नाही म्हणा. शेजारी तुमची गवताची उडवी आहे, प्यायची विहीर आहे. भाडं कितीही देऊ केलं तरी हा व्यवहार परवडत नाही.

आणि उंचावरची म्हणजे डोंगराच्या पोटाखालची नव्हे. त्याच दिवशी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. गोठ्यामागच्या उतारावर भेगा दिसत असतील, झाडं कलली असतील, तर तिथं ना माल ठेवू द्या, ना माणूस.

आता खरी अडचण. "साहेब, एकदा आत घेतला की कूळ लागेल," असं शेतकरी हळूच कानात सांगतात. ही भीती उगाच नाही. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानंतर कसणाऱ्याची जमीन झाली, हे आपल्या आज्यांनी पाहिलं आहे. पण कूळकायदा शेतजमिनीचा आहे. दुकान चालवणारा किंवा माल ठेवणारा काही जमीन कसत नाही. मात्र एक मेख आहे. त्या कायद्यात शेतजमिनीला लागून असलेल्या शेतघराची जागाही जमिनीतच धरतात. म्हणून गोठ्याच्या जागेच्या बिगरशेती वापरासाठी काय रीतसर करावं लागतं ते आधी पाहा. हे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता तुमच्या तहसील कचेरीत लेखी विचारा. भाडेकरूला शेजारची परसू भाजीपाल्यालासुद्धा देऊ नका. करारात फक्त इमारत, तिची लांबी-रुंदी, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक, वापर कशासाठी आणि मुदत किती, एवढं स्पष्ट लिहा आणि तो करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. अकरा महिन्यांचाच तर आहे, म्हणून तोंडी ठेवू नका.

सातबाऱ्यावर किती नावं आहेत तेही पाहा. मुंबईचा भाऊ, सासरी गेलेली बहीण, सगळ्यांची लेखी संमती घ्या. भाडं सुरू झाल्यावर गणपतीला भांडण होण्यापेक्षा ते बरं.

दुरुस्तीत पहिला खर्च छपरावर. वासे-आडू टोचून बघा, वाळवी असेल तर बदला. मग जमीन. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेल्या जमिनीवर तसाच कोबा केला तर ओल आणि वास दोन्ही वर येतात, भिंतीच्या पायाला लोणा लागतो. म्हणून वरची मुरलेली माती हाताला कोरडी, बिनवासाची माती लागेपर्यंत खणून काढा. तीच परसात किंवा माडाच्या आळ्यात टाका, खताचं काम करील. मग रोडा-मुरूम ठोकून कोबा करा. भिंतींना चुना द्या. चार-सहा काचेची कौलं बसवली की दिवसा दिवा लागत नाही. पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर जाईल असा चर मात्र मे महिन्यातच काढा.

दोन वर्षांच्या भाड्यातून फिटेल त्याहून जास्त खर्च करू नये, असं माझं मत. समजा महिना 1,500 रुपये ठरले, तर 36,000 च्या आत बसवा. कर्ज काढून संगमरवरी फरशी कशाला?

वीज शेतीपंपाच्या मीटरवरून ओढू नका. महावितरणकडून व्यापारी वापराचं वेगळं मीटर घ्या, बिल भाडेकरूच्या माथी. वापर बदलल्याचं ग्रामपंचायतीला कळवा, घरपट्टी थोडी वाढेल, ती भाड्यात धरा.

आणि गोठा द्यायच्या आधी घरातल्या बाईला विचारा की दिवाळीनंतर झोडलेलं भात आणि पेंढा कुठे ठेवायचा. तिची कणगी त्याच गोठ्यात असेल तर अर्धाच भाग भिंत घालून द्या आणि दार वेगळं काढा.