चिमटीभर स्फोटकाची परीक्षा

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात सुमारे 1400 टन स्फोटके आणि दारूगोळा होता. धूर दिसल्यावर सुमारे दोन तासांनी, चारच्या सुमारास, पहिला स्फोट झाला. आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. ते दोन तास उष्णता स्फोटकांपर्यंत पोहोचत होती.

स्फोटक किती उष्णता सोसते, याची परीक्षा प्रयोगशाळेत अवघ्या दोन-तीन मिलिग्रॅमवर होते. दोन इवल्या धातूच्या वाट्या. एकीत नमुना, दुसरी रिकामी. दोन्ही एकाच गतीने तापवतात आणि त्यांच्यात शिरणाऱ्या उष्णतेतला फरक आलेखावर उमटतो. टीएनटी 80 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता शोषून वितळते. ते मोडू लागते त्याहून कितीतरी वरच्या तापमानाला. म्हणूनच ते वितळवून साच्यात ओतता येते. आरडीएक्स सुमारे 205 अंशांना वितळते आणि लगेच मोडूही लागते.

पण आलेखावरचे हे तापमान म्हणजे सुरक्षिततेची हद्द नव्हे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. नमुना सावकाश तापवला की तोच पदार्थ कमी तापमानाला मोडताना दिसतो. त्यातून विघटनासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडण्याची रीत संशोधक किसिंजर यांनी 1957 मध्ये दिली. ढिगाची गोष्ट तर आणखी वेगळी. कणभर नमुन्याची ऊब पृष्ठभागावरून चटकन निघून जाते. मोठ्या ढिगात ती ओल्या कडब्याच्या गंजीसारखी आत कोंडते. तापमान चढते, विघटनाचा वेग त्याहून झपाट्याने वाढतो, आणि बाहेर जाणारी उष्णता मागे पडते. रशियन शास्त्रज्ञ सेम्योनोव यांनी हे गणित 1928 मध्ये मांडले. त्यामुळे नमुन्याचे वजन आणि तापवण्याची गती सांगितल्याशिवाय नुसता तापमानाचा आकडा छापू नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच पुढची पायरी पोलादी नळीची. स्फोटक भरलेल्या नळीच्या तोंडावर भोक पाडलेली जाड चकती बसवतात आणि नळी चार ज्वाळांनी तापवतात. भोक मोठे असूनही नळीच्या चिंधड्या झाल्या, तर पदार्थ उष्णतेला अधिक नाजूक. स्फोटक पदार्थांच्या वाहतुकीसाठी वर्गवारी ठरवताना संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत या चाचणीचा निकालही धरला जातो.