अम्मीची खोली

सोलापुरात माणूस घर घेताना पाण्याबद्दल दहा प्रश्न विचारतो, उन्हाबद्दल एकही नाही. मीही विचारला नाही. भावांच्या वाटण्या झाल्या, जुनं माळवदाचं घर गेलं आणि २०२३ च्या दिवाळीत आम्ही चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फंडातले पैसे त्यात गेले. पश्चिमेची मोठी खोली ऐंशी ओलांडलेल्या अम्मीला दिली. खिडकीतून मावळतीचं आभाळ दिसतं, एवढ्यावरच मी भाळलो होतो. कवीला घर दाखवायला नेऊ नये!

एप्रिल लागला. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर अम्मी हॉलमध्ये फरशीवर चादर टाकून झोपलेली. विचारलं तर म्हणाली, कंबरेला फरशी बरी वाटते. पुढच्या रात्रीही तेच. बायकोजवळ मात्र ती बोलली होती : "उसने जिंदगीभर की कमाई लगाया, उसकू क्या बोलना?"

बिल्डरला फोन केला. "उन्हाळा आहे साहेब, गरम होणारच!" मग कूलर आणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. हवा आत यायला-जायला वाटच नव्हती. खोली गरम होती, आता दमटही झाली.

शेवटी रात्री अकरा वाजता भिंतींना तळहात लावत फिरलो. उत्तरेची भिंत बरी, पश्चिमेची कोमट. स्टुलावर चढून छताला हात लावला, तर भाकऱ्या उरकल्यावरच्या तव्यासारखं! स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आम्हाला परत देतो. पंखा छतालगतची तीच हवा खाली ढकलतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर इथं दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. सगळा मार छतालाच.

माळवदावर लाकडी तुळया, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन त्यातून उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि रात्री आम्ही झोपायचो माळवदावरच. पावसाआधी अब्बा नवी माती घालायला लावत. आम्हा पोरांना ती कटकट वाटे.

गच्ची सोसायटीची, म्हणून आधी परवानगी घेतली. मुलानं आणि मी गच्ची झाडून-धुऊन, चुन्यात थोडा फेविकॉल कालवून दोन हात मारले. पांढऱ्या गच्चीवरून ऊन बरंचसं परतून जातं. खिडकीला आतून जाड पडदा होता, पण ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा काय करणार? बाहेरून बांबूची चटई टांगली. कूलर खिडकीत बसवला, बाहेरची हवा घेईल असा. दिवसा खिडकी बंद. रात्री स्वयंपाकघराची खिडकी आणि मधली दारं उघडी. उघड्या दारात झोपणं अम्मीला पटेना, म्हणून दाराला पातळ पडदा आला.

आधी खोलीतला थर्मामीटर रात्री दहाला ३८ अंश दाखवायचा. तो ३४ वर आला. मे महिन्यात हे चार अंश मला बक्षिसासारखे वाटले. चुना पावसात उतरतो, दर मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. आता मुलगा कुरकुरतो.

त्या पहिल्या रात्री तीन वाजता मी हळूच डोकावलो. अम्मी पलंगावर होती, पायांवर चादर घेऊन. सकाळी तिनं एवढंच विचारलं, गच्चीवर खाट नेता येईल का?