कॅमेरा कोणासमोर ठेवायचा?

आज पडद्यामागच्या एका माणसाविषयी बोलू या. जेरेमी आयझॅक्स. जन्म १९३२, ग्लासगोचा. ग्रॅनडा, बीबीसी असं करत तो थेम्स टेलिव्हिजनमध्ये आला आणि तिथे त्याने ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही २६ भागांची माहितीपट-मालिका केली. १९७३ च्या ऑक्टोबरात ती ब्रिटनमध्ये सुरू झाली.

आता निर्माता म्हणजे काय हो? पैशांची जुळवाजुळव करणारा, एवढंच आपल्याला वाटतं. पण काय दाखवायचं आणि कोणाला बोलतं करायचं, हेही तोच ठरवतो. आयझॅक्सने इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संचालकांना, नोबल फ्रँकलंड यांना विचारलं, की या युद्धातल्या निर्णायक मोहिमा कोणत्या? त्यांनी पंधरा सांगितल्या. त्यांचे पंधरा भाग झाले. उरलेले अकरा? ते गेले नाझींचा उदय, घरोघरचं जगणं, ताब्यात गेलेला हॉलंड, ज्यूंचा संहार अशा विषयांना. म्हणजे बघा, लढाई रणांगणावर जेवढी असते, तेवढीच स्वयंपाकघरातही असते, हे त्याने भागांच्या वाटणीतूनच सांगून टाकलं.

दुसरा निर्णय माणसांचा. बड्या नावांपेक्षा त्यांच्या हाताखालच्या लोकांना त्याने प्राधान्य दिलं. हिटलरची सेक्रेटरी ट्राउडल युंग कॅमेऱ्यासमोर बसली. हिमलरचा जवळचा अधिकारी कार्ल वोल्फ याला शोधणं आणि राजी करणं सगळ्यात अवघड गेलं. पण हिमलरसमोर झालेलं सामूहिक हत्याकांड आपण पाहिलं, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलला.

पहिला भाग उघडतो तो फ्रान्समधल्या ओरादूर या ओसाड गावात. १० जून १९४४ ला नाझी सैनिकांनी तिथे सहाशेहून जास्त माणसं मारली. शेवटच्या भागात मालिका परत त्याच गावात येते. लॉरेन्स ऑलिव्हिएचा आवाज, पडकी घरं, बाकी कोणी नाही.

पुढे आयझॅक्स चॅनल ४ चा पहिला प्रमुख झाला. ते चॅनल १९८२ मध्ये सुरू झालं. मोठंच काम ते. पण मला विचाराल तर त्याची खरी कमाई वेळ साधण्यात आहे. युद्ध संपून तीस वर्षंही झाली नव्हती. साक्षीदार हयात होते, आठवणी शाबूत होत्या. आज ती मालिका नव्याने करायची म्हटली, तर समोरची खुर्ची रिकामीच राहील.

तुमच्याही घरात बहात्तरचा दुष्काळ पाहिलेलं कोणी असेल ना? मोबाइल सगळ्यांकडे आहे. या रविवारी त्यांच्यासमोर बसा, रेकॉर्डिंगचं बटण दाबा आणि मग मध्ये मध्ये न बोलता फक्त ऐका. भेटू पुढच्या भागात!